वर्गसाहाय्यक (समावेशक शिक्षणातील)
अपंग व इतर मुले एकत्र शिकतात अशा वर्गात शिक्षकाच्या मदतीला असणारी व्यक्ती. मुंबई-पुण्याच्या काही खासगी शाळांत तिला ‘शॅडो टीचर’ म्हणतात. पण सावलीसारखे चिकटून राहणे हाच या कामातला मोठा दोष. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, की साहाय्यक सतत बाकाला खेटून बसला तर मूल वर्गमित्रांपासून तुटते आणि शिक्षकही त्याची जबाबदारी सोडून देतो. इंग्लंडमधील २००३–०८ च्या पाहणीत जास्त मदत मिळालेल्या मुलांची प्रगती उलट कमी आढळली. अनेक साहाय्यकांना धड्याची पूर्वकल्पनाच नसे. मूल वजाबाकीत अडले, तर साहाय्यकाने हातचा स्वतः घेऊन देऊ नये. ‘आधी काय करशील?’ एवढे विचारून थांबावे. हे थांबणे शिकवावे लागते. अधूनमधून शिक्षकाने स्वतः त्या मुलापाशी बसावे, साहाय्यकाने उरलेला वर्ग सांभाळावा.