पंक्चर झालं तरी गाडी पळते, पण कुठपर्यंत?

आजची गोष्ट एका शब्दापासून सुरू करू: स्टेपनी. हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. 1904 च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून अडकवायचं जादा चाक काढलं. त्याआधी गाडीसोबत जादा चाक सहसा नसायचंच. रस्त्यात बसा आणि पंक्चर काढा!

मग पुढचा प्रश्न आला: रस्त्यात थांबावंच लागू नये, असं काही करता येईल का?

1970 च्या दशकात डनलॉपने ‘डेनोव्हो’ आणला. आत द्रवाचे छोटे डबे असायचे. हवा गेली की ते फुटायचे, आतून वंगण मिळायचं, भोक बुजायला मदत व्हायची. पण रिम खास लागायची. फार चाललं नाही.

नंतर मिशलिनचं ‘पॅक्स’ आलं. टायरच्या आत आधाराची कडी. अमेरिकेत 2005 च्या होंडा ओडिसीत ते मिळायचं. पण टायर बदलायचं खास मशीन मोजक्याच दुकानांत! मालक वैतागले, कोर्टात गेले आणि काही वर्षांत पॅक्स गुंडाळलं गेलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, पक्कं व्हेंडर लॉक-इन.

टिकली ती साधी आयडिया: टायरची बाजूची भिंतच जाड करा, म्हणजे हवा नसतानाही ती वजन पेलेल. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये गुडइयरचे असे टायर आले आणि स्टेपनी गायब झाली. पुढे बीएमडब्ल्यूने ते भरपूर वापरले. साधारण हिशोब असा: हवा गेल्यावर ताशी 80 च्या आत, 80 किलोमीटरपर्यंत.

फायदा किती मोठा, ते मला खंबाटकी घाटात कळलं. रात्री बाबा चाक बदलत होते, मी मोबाईलचा टॉर्च धरून उभा आणि ट्रक अगदी अंगावरून गेल्यासारखे जात होते. रन-फ्लॅट असते तर आम्ही सरळ सातारा गाठला असता.

पण तोटेही ऐका. भिंत कडक, म्हणून खड्ड्यात दणका जास्त. वजन जास्त, किंमतही जास्त. हवा नसताना पळवलेला टायर बहुतेकदा दुरुस्त करत नाहीत, थेट नवा घ्यावा लागतो. शिवाय हवा गेलेली हाताला कळतच नाही, म्हणून प्रेशर सेन्सर हवाच.

आपल्याकडे 2020 पासून सेन्सर, ट्यूबलेस टायर आणि रिपेअर किट असेल तर कारमध्ये स्टेपनी सक्तीची नाही. म्हणून गाडी घेताना डिकी उघडून बघा. आणि स्वतःला विचारा: मी जिथे फिरतो, तिथून 80 किलोमीटरच्या आत माझ्या साइजचा टायर मिळेल का? पुणे-मुंबई करणाऱ्याचं उत्तर वेगळं, गडचिरोलीत फिरणाऱ्याचं वेगळं.

भेटू पुढच्या भागात. तोवर हवा चेक करत राहा!