तळटीप १२ : जबड्याची गाठ

१२. मजकुरात आलेली ‘जबड्याची गाठ’ म्हणजे बर्किट लिम्फोमा. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात १९५७मध्ये आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांच्यासमोर जबडा दोन्ही बाजूंनी सुजलेले एक मूल आले. त्यांनी अशा मुलांच्या नोंदी जमवल्या, १९५८मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि १९६१मध्ये दोन सहकाऱ्यांसह मोटारीने सुमारे १६ हजार किलोमीटर हिंडून रोगाची हद्द आखली. ती मलेरियाच्या पट्ट्याशी जुळली.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किट यांचे व्याख्यान ऐकताना अँथनी एप्स्टाइन यांना विषाणूचा संशय आला. युगांडाहून विमानाने आलेल्या गाठींच्या पेशी वाढवून त्यांनी इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांच्यासह १९६४मध्ये एप्स्टाइन-बार विषाणू जगासमोर आणला.

हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच. त्यामुळे केवळ रक्तातील प्रतिपिंडांवरून निदान होत नाही. गाठीची बायोप्सी करून ‘मिक’ जनुक जागा सोडून दुसऱ्या गुणसूत्रावर गेले आहे का, हे पाहावे लागते.

आणि हे तातडीने व्हावे लागते, कारण गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. मात्र इतक्या वेगाने वाढणाऱ्या पेशींवर केमोथेरपी जोरदार चालते. सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट अशी औषधे एकत्र देतात. काही मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही सोडतात. पेशी झपाट्याने फुटून मूत्रपिंडे निकामी होऊ नयेत म्हणून आधीपासून सलाईन आणि यूरिक अ‍ॅसिड उतरवणारे औषध सुरू करतात. सधन देशांत सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. औषधे आणि रक्तपेढ्या अपुऱ्या असलेल्या आफ्रिकी देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे. — संपा.