'आयएसआय' शिक्का आणि पाटीवरील मर्यादा

कृष्णाकाठी वाई-कऱ्हाडपासून पलूस-मिरजेपर्यंत उसाला पाणी देणारी मोटार घेताना 'आयएसआय' शिक्का आवर्जून पाहिला जातो. शेजारची पाटी मात्र क्वचितच वाचली जाते. भारतीय मानक ब्युरोचा हा शिक्का सर्व परिस्थितींतील सुरक्षिततेची हमी नव्हे. पाटीवरील व्होल्टेज आणि मानकात गृहीत धरलेले तापमान व उंची यांच्या मर्यादेतच तो लागू होतो.

शेतीपंपाच्या थ्री-फेज मोटारींचे मानक ग्रामीण वीजपुरवठ्याचे वास्तव ओळखून केलेले दिसते. ४१५ व्होल्टच्या मोटारीने उणे १५ ते अधिक ६ टक्के, म्हणजे सुमारे ३५० ते ४४० व्होल्टवर चालणे अपेक्षित असते. वाहिनीच्या टोकाला ऐन उन्हाळ्यात दाब याहूनही खाली गेला की प्रश्न सुरू होतो. दाब २० टक्क्यांनी घटल्यास मोटारीचा सुरुवातीचा जोर ६४ टक्क्यांवर येतो. पंपाचे ओझे तेवढेच असल्याने मोटार जास्त प्रवाह ओढते आणि वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तापमान दर १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. ओव्हरलोड रिले अशा वेळी पुरवठा तोडतो. पाणी थांबू नये म्हणून तो वरच्या आकड्यावर लावणे किंवा बाजूला काढणे, हा उपाय रिवाइंडिंगच्या खर्चापुरता मर्यादित राहत नाही. इन्सुलेशन फुटून मोटारीच्या सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग धड नसले, तर ओल्या जमिनीवरील माणसाच्या जिवावर बेतते.

महाबळेश्वरची अडचण निराळी. सर्वसाधारण मोटारी १,००० मीटर उंचीपर्यंतच्या वापरासाठी असतात आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. विरळ हवेत मोटार कमी थंड होते. तेथील थंड हवामानामुळे ही उणीव बरीचशी भरून निघते. कमी दाबाच्या स्विचगिअरसाठी उंचीची मर्यादा सहसा २,००० मीटर असते.

सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली; धोका पातळी ४५ फूट आहे. 'आयपी ६७' दर्जाचे उपकरणही एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढेच सांगते, आणि घरगुती एमसीबीला तेवढेही संरक्षण नसते. वाळवून बसविलेला एमसीबी वरून नवा दिसला तरी आतील गाळ आणि गंज यांमुळे दोषाच्या क्षणी तो सुटेलच असे नाही. पुरात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी बदलावेत, असाच उत्पादकांचा सल्ला असतो.