तालीम आणि वस्ताद

लहानपणी आमच्या घरात ‘तालीम’ या शब्दावरून वाद व्हायचा. अब्बा म्हणायचे, ‘‘पैले तालीम पुरी कर.’’ त्यांच्या लेखी तालीम म्हणजे शाळा, पुस्तकं, परीक्षा. मला तालीम म्हटलं की हिंगोली तालुक्यातल्या आमच्या गावची ती अंधारी खोली आणि तिथली लाल माती दिसायची. एकदा शाळा बुडवून तिथे सापडलो. म्हणालो, ‘‘अब्बा, तालमीतच तर होतो.’’ मार बसला, पण मारता मारता अब्बांना हसूही आलं.

पुढे बी. ए. करताना कळलं की तालीम हा शब्द मूळ अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे फारसीतला उस्ताद. पहिलवान आणि कुस्ती हे शब्दही तिकडूनच आलेले. मराठी मातीत लोळून ते आपलेच झाले. म्हणजे अब्बाही बरोबर होते आणि मीही.

आमचे वस्ताद आम्हाला एक नाव नेहमी ऐकवायचे. हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा शेतकऱ्याचा मुलगा. आज ते गाव लातूर जिल्ह्यात आहे. त्या काळी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मराठवाड्यातल्या पोराला कुस्ती शिकायची तर कोल्हापूर गाठावं लागे. बिराजदारांनीही तेच केलं. १९६९ साली लातूरला झालेल्या स्पर्धेत ते महाराष्ट्र केसरी झाले आणि लगेच १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पुढे ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवलं. ती कुस्ती न पाहिलेली माणसंही ती पाहिल्यासारखी सांगत. आमचे वस्ताद त्यांतलेच एक!

पहिलवानाची उमेदीची वर्षं फार थोडी असतात. अंगातली रग ओसरली की बहुतेकांच्या वाट्याला जत्रेतला मानाचा फेटा आणि जुन्या आठवणी एवढंच उरतं. बिराजदारांनी मात्र पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवायला घेतली. हे काम सोपं नव्हतं. मातीवर समोरच्याची पाठ लागली की निकाल लागतो. गादीवर सहा मिनिटांत एकेका गुणाचा हिशेब असतो. खेड्यातून आलेल्या पोराला मातीची ताकद न गमावता हा हिशेब शिकवायचा होता. लातूरकडचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि पुढे स्वतः वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे लहान वयात याच तालमीत आला.

गंमत पाहा, बेळगावात हरलेले सत्पालही पुढे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये गुरू झाले. त्यांच्या शिष्याने, सुशीलकुमारने, २००८ आणि २०१२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये पदकं आणली. एका मैदानातले दोन प्रतिस्पर्धी, आणि दोघांची खरी मिळकत शागिर्दांच्या गळ्यात!

१४ सप्टेंबर २०११ रोजी बिराजदार गेले. राहुल पोरका झाला, पण तालीम तुटली नाही. गुरुबंधू काका पवारांनी त्याला हाताशी धरलं. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राहुलने कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ असं हरवून राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं आणि ते दिवंगत वस्तादांना अर्पण केलं. एडिंबरोनंतर ४८ वर्षांनी! पुढच्याच वर्षी त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यपदकही मिळवलं. हे पाहायला वस्ताद नव्हते. त्या रात्री मला कविता सुचली नाही. आमचे वस्ताद आठवले.

जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्तीत मी पडलो होतो. रडत होतो. त्यांनी पाठीवरची माती झटकली आणि विचारलं, ‘‘पडलास त्याची लाज नाही. कसा पडलास, ते सांग.’’ मी पहिलवान झालो नाही, पण खोडलेल्या ओळीकडे पाहताना आजही तोच प्रश्न स्वतःला विचारतो.

आता वस्ताद नाहीत. तालमीच्या दाराला कुलूप आहे. जत्रा मात्र भरते, पोरं हौसेने लंगोट कसतात, पंच त्यांच्या हातावर बक्षीस ठेवतात आणि पोरं पांगतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना उठवणारं कुणी नाही. गावागावांतल्या जत्रा कमिट्यांना माझं एवढंच सांगणं आहे : शेवटच्या कुस्तीच्या इनामातला थोडा पैसा बाजूला काढा आणि एखाद्या थकलेल्या पहिलवानाच्या हाती त्या कुलपाची किल्ली द्या. इनाम एका संध्याकाळी संपतं. तालीम मात्र, अब्बा म्हणायचे तशी, पुरी करावी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)