अष्ठीला ग्रंथीची वृद्धी

पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून असलेल्या अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथीची उतारवयात होणारी, कर्करोग नसलेली वाढ. तरुणपणी या ग्रंथीचे वजन सु. २० ग्रॅ. असते. साधारणतः चाळिशीनंतर मूत्रमार्गालगतच्या संक्रमण क्षेत्रात गाठी धरू लागतात. कर्करोग मात्र बहुधा बाहेरच्या परिघीय क्षेत्रात उद्भवतो. शवविच्छेदनांत ५१ ते ६० वयोगटातील सु. निम्म्या आणि ऐंशीपुढील बहुतेक पुरुषांत ही वाढ आढळते.

वाढत्या वयाइतकीच कार्यक्षम वृषणेही या वृद्धीसाठी आवश्यक असतात. वयात येण्यापूर्वी वृषणे काढलेल्यांना ती होत नाही. चीनच्या छिंग दरबारातील वृद्ध खोजांच्या तपासणीत बहुतेकांची ग्रंथी बोटाला लागलीच नाही. वृषणांतील टेस्टोस्टेरॉनचे ५-अल्फा रिडक्टेज या एंझाइमामुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते व तेच ग्रंथीला वाढवते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत हे एंझाइम जन्मतःच उणे असल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील प्रौढ पुरुषांची ग्रंथी लहानच राहिलेली होती. वार्धक्यात रक्तातील टेस्टोस्टेरॉन घटले, तरी ग्रंथीत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन टिकून राहते. इस्ट्रोजेनाचे सापेक्ष प्रमाण वाढणे आणि दीर्घकालीन दाह यांचाही या वाढीत वाटा असावा, असे मानतात.

आनुवंशिकतेचा प्रभाव विशेषतः तुलनेने कमी वयात शस्त्रक्रिया करावी लागलेल्या रुग्णांच्या कुटुंबांत दिसतो. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचाही मोठ्या ग्रंथीशी संबंध आढळला आहे.

औषधांपैकी फिनास्टराइड व ड्यूटास्टराइड ही वरील एंझाइमाला रोखतात आणि काही महिन्यांत ग्रंथीचे आकारमान सु. २० ते २५ टक्क्यांनी घटवतात. रक्तातील पीएसए या प्रथिनाची पातळीही त्यांमुळे जवळपास निम्मी होते; म्हणून कर्करोगाची तपासणी करताना हे औषध चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे लागते. टॅमसुलोसिन स्नायू सैल करून लघवीची वाट मोकळी करते, पण ग्रंथी लहान करत नाही.

ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. मूत्रमार्गावर दाबणारी छोटी गाठही लघवी अडवू शकते, तर बाहेरच्या बाजूला वाढलेली मोठी ग्रंथी फारशी जाणवत नाही. त्यामुळे सोनोग्राफीतील आकारमानाबरोबर लक्षणे, मूत्रप्रवाहाचा वेग आणि लघवीनंतर मूत्राशयात उरणारे मूत्र पाहूनच उपचार ठरवतात.