मुरलेला गुडाखू

खालापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी माळ्यावर एक मडकं असायचं. त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं आणि फडक्यावर मातीचा लेप. आम्हा मुलांना त्याला हात लावायची सक्त मनाई होती. पाऊस ओसरला, गणपती गेले की नाना ते स्वतः खाली उतरवायचे. लेप फोडला की घरभर वास सुटायचा. काकवीचा, खजुराचा, किंचित आंबूस. मडक्यात गुडाखू असायचा. नानांच्या गुडगुडीसाठी नानीने मागच्या हिवाळ्यात मळून ठेवलेला.

हे आठवायचं कारण पुण्यातला माझा एक मित्र. तो पाईप ओढतो. त्याने मला एक सीलबंद डबा दाखवला आणि अभिमानाने सांगितलं की हा दहा वर्षं उघडलेला नाही, आता याची चव मनुकांसारखी झाली असेल. ही विलायती विद्या आहे, असा त्याचा समज. मला नानांचं मडकं दिसलं. मग मी या मुरण्याचा इतिहास शोधत गेलो.

सुरुवात शब्दापासून करू. गूळ आणि तंबाखू मिळून गुडाखू. गूळ आपला, तंबाखू अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि दख्खनने तो उत्तरेच्या आधी उचलला. याला पुरावा आहे. अकबराचा दरबारी असद बेग 1603-04 च्या सुमारास कामगिरीवर विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिला. उत्तरेत असं काही त्याने पाहिलं नव्हतं. त्याने बरोबर तंबाखू घेतला, एक जडावाची नळी घेतली, ओठाशी धरायला यमनी अकीक बसवला आणि हे सगळं बादशहापुढे ठेवलं. हे काय आहे, असं अकबराने विचारलं तेव्हा मिर्झा अझीझ कोकाने सांगितलं की हा तंबाखू, मक्का-मदिनेत तो सर्वांना ठाऊक आहे. अकबराने थोडा ओढून पाहिला. हकिमांनी हरकत घेतली. जी वस्तू आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत नाही ती बादशहाला कशी द्यायची? असद बेगचं म्हणणं होतं की प्रत्येक रीत कधीतरी नवीनच असते. अकबराने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी लावली आणि व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली. 1617 मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

हुक्का हकीम अबुल फतह गिलानी यांनी शोधला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पण हे हकीम 1589 मध्ये वारले, म्हणजे असद बेगचा तंबाखू दरबारात पोहोचण्याच्या बऱ्याच आधी. तेव्हा ही कथा जपूनच घ्यायला हवी. खात्रीने एवढंच म्हणता येतं की मोगल दरबाराला तंबाखूची ओळख झाली ती आदिलशाहीच्या राजधानीतून. 1636 नंतर ज्या आदिलशाहीकडे आमचा हा उत्तर कोकणचा मुलूखही आला, आणि जिचा कल्याणचा सुभेदार मुल्ला अहमद नवायत होता, तीच ही आदिलशाही.

कर्जत-खालापुरात तंबाखूचं पीक काही नावाजलेलं नाही. आमचं पीक भात. तंबाखू यायचा घाटावरून. बोरघाटात 1830 मध्ये गाडीरस्ता झाला, 1856 मध्ये खोपोलीपर्यंत रेल्वे आली आणि 1863 मध्ये ती घाट चढून गेली. नाना निपाणीकडचं पान पुण्याच्या बाजारातून आणायचे. आमच्या डोंगरातले ठाकर, कातकरी आपट्याच्या पानात तंबाखू वळून ओढायचे. त्यांच्याकडे मुरवण्याची चैन नव्हती. मुरवायला जागा लागते, गूळ लागतो आणि वर्षभर थांबण्याची ऐपत लागते.

आता मडक्यात काय होतं ते पाहू. ताजं वाळलेलं पान घशाला ओरबाडतं, कारण त्यात प्रथिनं आणि अमोनिया असतो. पानं ढिगात रचली की ढीग आतून तापतो. प्रथिनं फुटून त्यांची अमिनो आम्लं होतात, अमोनिया उडून जातो. ही अमिनो आम्लं आणि साखर यांचा हळूहळू संयोग होतो आणि रंग गडद होत जातो. भाकरीच्या पापुद्र्याला किंवा भाजलेल्या कांद्याला जो रंग आणि वास येतो, तो याच क्रियेचा. तिथे ती तव्यावर काही मिनिटांत होते, इथे मडक्यात काही महिन्यांत. पानातला पिवळा रंग देणारी द्रव्यंही फुटतात आणि त्यांतून फुलांचा, सुक्या फळांचा वास येतो.

माझ्या मित्राच्या डब्यातही हेच चाललेलं असतं. व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर जास्त, म्हणून ते वर्षांगणिक गोड आणि गोल होत जातं. बर्ली पानात साखर जवळजवळ नसते, त्यामुळे ते फारसं बदलत नाही. सीरियातल्या लताकिया बंदराच्या नावाचं पान लाकडाच्या धुरावर धरलेलं असतं. जुनं होताना त्याचा तो धुराचा वास उलट मंदावतो. म्हणजे जुनं झालं की सगळंच वाढतं असं नाही. काही चवी वाढतात, काही जातात.

नानांच्या मडक्यात साखर गुळाची आणि काकवीची. उत्तरेत लखनौ-रामपूरकडे यात फळं, गुलकंद, वेलची, चंदन घालून मडकं पुरून ठेवत. त्याला खमीरा म्हणतात. पहिले काही दिवस गूळ फसफसतो, आंबूस वास येतो. मग आतली हवा संपते आणि संथ काम सुरू होतं. आमच्याकडे अडचण पावसाची. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तंबाखू हवेतलं पाणी मिठासारखं ओढतो. पाणी जास्त झालं की बुरशी, अगदी सुकलं की मुरणं थांबतं. म्हणून मडकं चुलीच्या वरच्या माळ्यावर, भाताच्या तुसात. खालून ऊब आणि बाजूने तूस. "नवा तंबाखू भांडतो, जुना गप्पा मारतो," असं नाना म्हणायचे. तांदळाबद्दलही त्यांचं मत असंच होतं.

खमीरा हा शब्द मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही. खमीर म्हणजे आंबवण, आणि ज्याला कुरआनने मनाई केली ते खम्र, दोन्ही एकाच अरबी धातूतले. मूळ अर्थ झाकणं. खिमार म्हणजे ओढणी, तीही त्यातलीच. झाकून ठेवलेलं पीठ फुगतं ते खमीर, अक्कल झाकते ते खम्र. तेव्हा तंबाखू आला आणि उलेमांपुढे प्रश्न उभा राहिला की हा कशात धरायचा? उस्मानी सुलतान चौथा मुराद याने 1633 मध्ये त्यावर बंदी घातली, मृत्युदंडासह. त्याच सल्तनतीत पुढे दमास्कसचे मोठे सूफी आलिम अब्दुल गनी नाबुलुसी (1641-1731) यांनी तंबाखू मुबाह आहे, यात नशा नाही, असं ग्रंथ लिहून मांडलं. कोणी मकरूह म्हणालं, कोणी हराम. दोनेकशे वर्षं वाद मुख्यतः नशा होते की नाही यावर फिरत राहिला. आज अनेक उलेमा नुकसानीच्या आधारावर हराम म्हणतात आणि सूरह बकराच्या 195 व्या आयतीचा दाखला देतात, ज्यात स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटण्याची मनाई आहे. मला हा मुद्दा जास्त पटतो, कारण मुरण्याची गंमत इथेच उघडी पडते.

गूळ, पाणी आणि काळ, या तिघांनी तंबाखू मऊ होतो. गूळ कडूपणा झाकतो. गुडगुडीतलं पाणी धूर गार करतं, पण त्यातलं विष गाळत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. काळ ओरबाडणं काढून घेतो. निकोटिन मुरण्यात थोडं कमी होतं, पण जात नाही. उलट पान वाळताना, आंबताना आणि दमट, गरम जागी साठवताना त्यात नायट्रोसामाईन तयार होतात आणि ती कर्करोगाला कारण होतात. म्हणजे ज्या महिन्यांत नानांच्या मडक्याला खजुराचा वास चढत होता, त्याच महिन्यांत आत हेही होत असणार. घसा बोचत नाही म्हणून माणूस खोल ओढतो.

नाना शेवटची चार वर्षं उशांना टेकून बसून झोपले. आडवं झालं की श्वास लागायचा.

आणि नानी. हुक्क्याच्या इतिहासात बादशहा येतात, हकीम येतात, सरदार येतात. मळणारे हात येत नाहीत. नानीने गुडगुडीला कधी तोंड लावलं नाही. पण हिवाळ्यात ती ओलं पान गुळात दिवसभर मळायची आणि संध्याकाळी तिला हटकून उलट्या व्हायच्या, डोकं धरायची. घरातल्या बायका थट्टा करायच्या की नानीला पुन्हा दिवस गेले. नानांना वाटायचं गुळाच्या उग्र वासाने होतं. मी खूप नंतर वाचलं की ओल्या तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. तिला दरवर्षी तेच होत असणार. निपाणीत तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या सुपांपाशी आयुष्य घालवलेल्या हजारो बायका आहेत. त्यांत आपल्याही खूप.

महाराष्ट्रात 2018 मध्ये हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आली. तरी लग्नाच्या मोसमात कर्जतच्या फार्महाऊसवर आमची तरुण मुलं शाही हुक्क्याचे फोटो काढतात आणि खाली लिहितात, आपली तहजीब. त्यातल्या तंबाखूला मुरायला वेळही मिळालेला नसतो. सफरचंदाचा वास बाटलीतून आलेला असतो. त्यांना मी रागावत नाही. त्यांना विजापूर सांगतो, असद बेगचा अकीक सांगतो, घाटावरून येणारं पान सांगतो. हा इतिहास आपला आहे आणि तो रंजक आहे. मग नानीच्या उलट्याही सांगतो.

ते मडकं अजून आहे. मामींनी त्यात पावसाळ्यासाठी चिंच भरून ठेवली आहे. नाक आत घातलं तर तळाशी काकवीचा वास अजून येतो, निदान मला तरी येतो. मामी म्हणतात, चिंचेचाच आहे तो.