नकाशाबाहेरचे विमान



स्मृतिव्याख्यानासाठी एखाद्या राजवटीचा वा थोर पुरुषाचा विषय न घेता, निर्जन प्रदेशात वाहन निकामी होऊन बेपत्ता झालेल्या माणसांचा विषय मी निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु ग्वाल्हेरच्या मराठी श्रोत्याला ‘बेपत्ता’ या शब्दाचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर जे पडले त्यांच्यासाठी घराघरांतून सुतक धरले गेले. पण ज्यांचे काय झाले हे निश्चित कळले नाही त्यांच्यासाठी काय धरावयाचे? सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूवर पार्वतीबाईंनी विश्वास ठेवला नाही, आणि भाऊंचा तोतया उभा राहून त्याचा कायमचा निकाल लागेपर्यंत १७७६ साल उजाडले. त्याच रणांगणावरून जखमी होऊन नाहीसे झालेले महादजी शिंदे मात्र परत आले. राणेखान नावाच्या एका भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले, असे सांगतात. पाणी वाहणाऱ्या माणसाने वाचवावे, हा योग माझ्या आजच्या विषयाच्या संदर्भात मला विशेष वाटतो.

बेपत्ता माणसाचा इतिहास लिहिणे कठीण असते, कारण त्याचा पुरावा तो स्वतःबरोबर घेऊन गेलेला असतो. क्वचित तो पुरावा हाती येतो. तेव्हा असे दिसते की वाळवंटाने माणसाला गिळले एवढे म्हणून भागत नाही. त्याला शोधणाऱ्यांच्या डोक्यातील एखादी पक्की समजूतही त्या गिळण्यात भागीदार असते. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून मी लिबियाच्या वाळवंटातील एका अमेरिकन बाँबफेकी विमानाची हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

१९५८ साली तेलाच्या शोधात लिबियाच्या अंतर्भागावर फिरणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या लोकांना, कलांशो नावाच्या वाळूसागराच्या कडेला, सपाट खडेमय भूमीवर एक मोठे विमान पोटावर टेकलेले दिसले. त्यांनी ही बातमी त्रिपोलीजवळील अमेरिकन हवाई तळाला कळवली. तळाने आपली दफ्तरे पाहिली. त्या भागात कोणतेही विमान हरवल्याची नोंद नव्हती. तेव्हा तेथे कोणी गेले नाही! ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू नाही, हा कारकुनी न्याय आपल्याकडेच चालतो असा माझा समज होता. तो या प्रकरणाने दूर केला. पुढे २७ फेब्रुवारी १९५९ रोजी भूमापनाच्या कामावरील काही मंडळी त्या विमानापर्यंत पोहोचली. विमानाच्या नाकाडावर नाव रंगवलेले होते, ‘लेडी बी गुड’. आत माणूस नव्हता, सांगाडा नव्हता, हवाई छत्र्याही नव्हत्या. मशिनगनी चालण्याजोग्या होत्या. पिण्यास योग्य असे पाणी आणि अन्न होते. वैराण वाळवंटात सोळा वर्षे पडून राहिलेल्या विमानात पाणी शिल्लक, आणि ते पिणारे नाहीत!

हे विमान ४ एप्रिल १९४३ रोजी बेनगाझीच्या दक्षिणेकडील सोलुक येथील धावपट्टीवरून निघाले होते. पंचवीस विमानांनी नेपल्स बंदरावर हल्ला करावयाचा, अशी ती मोहीम. आतील नऊही जणांची एकत्र अशी ती पहिलीच कामगिरी. निघतानाच वाळूचे वादळ, त्यामुळे विमानांची रांग फुटली, आणि हे विमान मागे पडून बहुतांश एकटेच गेले. लक्ष्यापर्यंत पोहोचेतो अंधार झाला. बाँब समुद्रात टाकून विमान परत फिरले. येथपर्यंत युद्धकाळातील नित्याचीच गोष्ट.

रात्री बाराच्या सुमारास वैमानिक हॅटन याने बेनिना येथील रेडिओ केंद्राला दिशा विचारली. उत्तर आले, ३३० अंश, म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येस आहे. नेपल्सहून येणारे विमान वायव्येसच असावयाचे. कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. परंतु त्या काळच्या या यंत्राचा एक दोष ध्यानात घ्यावा लागतो. त्याच्या वर्तुळाकार एरियलवरून संदेश कोणत्या रेषेवरून येतो हे कळे, पण त्या रेषेच्या कोणत्या टोकाकडून येतो हे कळत नसे. दरवाजात उभ्या असलेल्या माणसाने डोळे मिटून नुसते ‘रस्त्यावर कोणीतरी आहे’ म्हणावे, तशातला प्रकार. तो येणारा की पुढे निघून गेलेला, हे त्याने कसे सांगावे? वारा पाठीशी होता. विमान अपेक्षेपेक्षा लवकर किनारा ओलांडून, तळावरून पुढे निघून गेले होते, आणि आता त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेस, वाळवंटावर होते. तळावरील लोकांनी प्रकाशगोळे सोडले, ते वरून दिसले नाहीत. आपण अजून समुद्रावरच आहोत अशा समजुतीने हे नऊ जण सुमारे दोन तास पुढे जात राहिले. अंधारात खाली पाहिले तर समुद्र आणि वाळवंट यांत फरक तो काय?

पेट्रोल संपत आले. एकामागून एक इंजिने बंद पडू लागली. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास सर्वांनी उड्या टाकल्या. खाली पाणी लागेल अशा तयारीने ते उतरले असावेत. पाय टेकले ते वाळूवर. रिकामे झालेले विमान मात्र एका इंजिनावर आणखी सुमारे पंचवीस किलोमीटर दक्षिणेस गेले व जणू कोणी सावकाश उतरवावे तसे जमिनीवर घसरत थांबले. सोलुकपासून ते ठिकाण सातशे किलोमीटरच्या वर होते.

बाँबार्डियर वोराव्हका याची छत्री नीट उघडली नाही आणि तो पडताच गेला. इतरांना हे कळले नाही. उरलेले आठ अंधारात एकमेकांना शोधत एकत्र जमले. त्यांच्याजवळ सर्वांत मिळून अर्धी बाटली पाणी होते. किनारा फार तर दीडएकशे किलोमीटरवर असेल असा त्यांचा हिशेब, म्हणून ते वायव्येकडे चालू लागले. पुढील दिवसांचा वृत्तान्त सहवैमानिक रॉबर्ट टोनर याच्या खिशातील रोजनिशीत आहे. रोज दोनतीन ओळी, त्याही अधिकाधिक तुटक होत गेलेल्या: दिवसाला बाटलीच्या झाकणाएवढे पाणी, रात्रीची थंडी, डोळ्यांची आग, प्रार्थना. शुक्रवारी, ९ एप्रिलला, पाच जणांना पुढे पाऊल टाकवेना. शेली, मूर आणि रिप्सलिंगर हे तिघे मदत आणण्यासाठी पुढे गेले. शेवटची नोंद सोमवार, १२ एप्रिलची. आठ दिवस.

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक सुज्ञ वाक्य आले असेल. निर्जन प्रदेशात वाहन बिघडले तर वाहन सोडू नये. माणसापेक्षा वाहन लवकर दिसते. ते नियमपुस्तकात आहे आणि ते बरोबरही आहे. विमानात पाणी होते, आणि ते दक्षिणेस गेले असते तर काही काळ तरी जगले असते, असे या प्रकरणावर लिहिणारे सर्वजण हळहळून सांगतात. पण विमान कोठे पडले हे त्यांना ठाऊकच नव्हते. ते समुद्रात बुडाले असे त्यांनी धरले असल्यास त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आणि समजा, ते विमानापाशी बसलेही असते, तर त्यांना शोधावयाला तेथे कोण येणार होते? शोध समुद्रावर चालला होता.

या नियमाची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियातील एका जुन्या प्रसंगात दिसते. ३० मार्च १९२९ रोजी चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ व त्याचे साथीदार ‘सदर्न क्रॉस’ विमानातून विंडहॅमकडे निघाले आणि वाट चुकून किंबर्ली भागातील एका चिखलाळ नदीकाठी उतरले. त्यांच्या शोधासाठी त्याचा एकेकाळचा भागीदार कीथ अँडरसन, पूर्वीची भांडणे विसरून, आपल्या सोबत्यासह ‘कूकाबरा’ नावाच्या छोट्या विमानातून निघाला. १० एप्रिलला ॲलिस स्प्रिंग्ज सोडल्यावर त्यांनी तारयंत्राच्या खांबांची वाट सोडून आडवा मार्ग धरला. इंजिनात बिघाड झाला आणि तनामी वाळवंटात उतरावे लागले. रेडिओ नव्हता, पाणी थोडे होते. दोघांनी विमान सोडले नाही. नियमाप्रमाणे वागले! उड्डाणासाठी झुडपे जाळून, उपटून पट्टी मोकळी करण्याच्या खटाटोपात उरलेसुरले बळ गेले. अँडरसनने विमानाच्या सुकाणूच्या कापडावर रोजनिशी लिहिली. पाणी संपल्यावर न पिण्याजोगे द्रवही प्यावे लागल्याची नोंद तीत आहे. दोनच दिवसांनी, १२ एप्रिलला, ‘सदर्न क्रॉस’ची मंडळी जिवंत सापडली; ज्यांच्यासाठी हे निघाले होते ते वाचले. २१ एप्रिलला लेस्टर ब्रेन याला आकाशातून ‘कूकाबरा’ दिसले, आणि पंखाखाली एक निश्चल देह.

विमान सोडणारे आठ जण गेले आणि विमानापाशी राहिलेले दोघेही गेले. म्हणून वाहनापाशी थांबावे हा सल्ला अर्धाच आहे असे मला वाटते. आपण कोणत्या वाटेने जातो हे मागे कोणाला तरी ठाऊक असले, तरच थांबण्याला अर्थ उरतो. अँडरसनने खांबांची वाट सोडली त्या क्षणी त्याच्या थांबण्याचे निम्मे मोल गेले. आणि १९३५ च्या अखेरीस फ्रेंच लेखक-वैमानिक सँत-एक्झुपेरी आपल्या यंत्रज्ञासह इजिप्तच्या वाळवंटात कोसळला तेव्हा तो विमानापासून चालत निघूनही वाचला, तो एका बदावीच्या दृष्टीस पडला म्हणून. त्यातून कोणी नियम काढू नये. तो केवळ दैवाचा भाग.

पुन्हा लिबियाकडे वळू. १९५९ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याचे एक पथक या नऊ जणांच्या शोधासाठी आले. त्यांना प्रथम बुटांच्या जोडांनी जमिनीवर केलेला बाण सापडला. पुढे हवाई छत्र्यांच्या कापडाच्या पट्ट्या, दगड ठेवून केलेल्या खुणा. चालणाऱ्यांनी मागाहून येणाऱ्यांसाठी वाट दाखवली होती. कोणीतरी आपला शोध घेत या दिशेने येईल हा त्यांचा विश्वास त्या दगडांवरून वाचता येतो, आणि मला वाटते की या साऱ्या प्रकरणातील सर्वांत हृदयद्रावक पुरावा रोजनिशी नसून हे दगड आहेत. वाळूसागराच्या कडेला खुणा संपल्या. इतके थकलेले, तहानेले लोक याहून पुढे गेले असणे शक्य नाही, ते येथेच वाळूखाली गाडले गेले असावेत, असे पथकाने ठरवले आणि शोध थांबवला.

ही या प्रकरणातील तिसरी चूक, आणि पहिल्या दोन चुकांच्याच जातीची. १९४३ साली सर्वांनी मानले, विमान किनारा ओलांडून जाणार नाही. १९५८ साली दफ्तराने मानले, तेथे विमान असणार नाही. १९५९ साली तज्ज्ञांनी मानले, माणूस एवढा चालणार नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये तेलाच्या कामावरील लोकांना वाळूच्या टेकड्यांच्या आत, उडी टाकलेल्या जागेपासून शंभर किलोमीटरहून दूर, पाच देह एकत्र आढळले. टोनरची रोजनिशी तेथेच मिळाली. त्यानंतरच्या शोधात, मे महिन्यात, शेली आणि रिप्सलिंगर यांचे देह मिळाले. पाच जणांना मागे ठेवून ते दोघे आणखी तीसचाळीस किलोमीटर वाळूतून चालत गेले होते. पाण्याच्या एका थेंबाविना. शरीरशास्त्राच्या कोणत्याही तक्त्यात ते बसत नाही. ऑगस्टमध्ये वोराव्हका सापडला, अर्धवट उघडलेल्या छत्रीसह.

माणूस सात वर्षे बेपत्ता असला, त्याची खबर ज्यांना मिळावयाची त्यांना मिळाली नाही, तर तो मृत समजावा असे आपल्या पुराव्याच्या कायद्यात आहे. कायद्याला कोठेतरी रेषा ओढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण या आठ कुटुंबांना सतराव्या वर्षी आपले माणूस समुद्रात क्षणात बुडाले नव्हते, तर आठवडाभर घराच्या दिशेने चालत होते हे कळले, तेव्हा त्यांना बरे वाटले असेल की अधिक वाईट, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पार्वतीबाईंच्या हाती तर तेवढेही आले नाही.

पुढे गेलेल्या तिघांतील तिसरा, मूर, अद्यापि सापडलेला नाही.